शेवटच्या वाफ्याची मालकीण

आमच्या गावच्या बागमंडळात बोलायला सगळ्यांना येतं, थांबायला कुणालाच येत नाही. म्हणून मला ते मंडळ फार आवडतं.

अध्यक्ष म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर. ते साधं "चहा घ्या" म्हणाले तरी वाटतं, आता बाकावरची माणसं पिशव्या उचलून उभी राहणार. "सभासदांनी... कृपया... आपापल्या जागा घ्याव्यात. सभा... थोड्याच वेळात... सुरू होत आहे." औषधांच्या दुकानाचे काका रोपालासुद्धा चिठ्ठी लिहून दिल्यासारखं पाणी सांगतात. "सकाळी एक मग, संध्याकाळी अर्धा, आणि बरं वाटलं तरी मध्येच बंद करायचं नाही." बेकरीवाल्या काकूंच्या जगात दोनच प्रकार आहेत, फुगलेलं आणि बसलेलं. कोबी असो नाहीतर जावई.

ही तिन्ही माणसं मी घरी करून दाखवते. बाबा हसता हसता खुर्चीवरून घसरतात. आत्या हसत नाही, कारण तिच्या तोंडात टाचण्या असतात.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. रस्त्याकडच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान आहे. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, शाळेचे गणवेश. मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, म्हणजे खिडकीतला उजेड डावीकडून बरोबर सुईवर पडतो. दिवसभर ती सुई आणि समोरची भिंत, एवढंच बघते. एखादा टाका सुताभर इकडेतिकडे गेला की सगळी शिवण उसवते. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो चालतंय की." आत्या म्हणते, "तुम्हाला चालतंय. मला दिसतंय."

अशी बाई बागमंडळात कशाला गेली? तर मंडळाच्या जमिनीत कुंपणाजवळचा शेवटचा वाफा कुणी घेत नव्हतं. तिथे नळी पोचत नाही, बादलीनं पाणी न्यावं लागतं. पण तिथून समोर काहीच आड येत नाही, थेट टेकडीपर्यंत दिसतं. "दिवसभर सुईच्या टोकावर अडकलेली नजर तिथे गेली की सुटते बघ," असं ती मला एकदाच म्हणाली आणि लगेच, "जा, ती कात्री आण," म्हणून विषय बदलला.

मंडळाचं वर्ष ठरलेलं असतं. थंडी सरताना पहिली सभा आणि पाकिटांचा डबा. मग कलमांची देवघेव, तिच्यात दरवर्षी दोघांचं तरी बोलणं बंद होतं. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या आणि वाफेफेरी, म्हणजे सगळ्यांनी मिळून सगळ्यांच्या वाफ्यांपुढे उभं राहायचं आणि तोंडावर छान म्हणायचं. पानं गळायला लागली की प्रदर्शन. शेवटी फावडी-खुरपी घासून, तेल लावून टांगायची.

यातला डबा मोठा कडक. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मास्तर त्यात नाव न लिहिलेली बियांची पाकिटं भरतात. प्रत्येकानं न बघता एक उचलायचं, जे निघेल ते वाढवायचं आणि प्रदर्शनात फुललेलं किंवा फळलेलं आणून ठेवायचं. लागोपाठ तीन वर्षं जमलं नाही तर वाफा सोडायचा. नियम मास्तरांनीच केला, कारण पूर्वी लोक वाफा घ्यायचे आणि त्यात आरामखुर्ची लावायचे.

आत्याची दोन वर्षं फुकट गेली होती. पहिल्या वर्षी औषधवाल्या काकांचा डोस जास्त झाला, रोपं कुजली. दुसऱ्या वर्षी तिनं बी पँटीच्या दुमडीएवढं खोल पेरलं. ते वर आलंच नाही. तिसऱ्या वर्षी डब्यात हात घालताना ती मास्तरांना म्हणाली, "या खेपेला उगवल्याशिवाय जाऊ देत नाही."

"कोणाला?" मास्तर दचकले.

"कोणालाच."

आणि उगवलं! दोऱ्यासारखी बारीक बारीक रोपं, आणि त्यांच्या मधोमध एक ठणठणीत, रुंद पानांचं. दाटी कमी करायला विरळणी करायची तेव्हा आत्यानं ती दोऱ्यासारखी सगळी उपटून टाकली आणि ठणठणीत ठेवलं. बिचाऱ्या किडमिड्यांना जगवून काय करायचं? ते एकटं गुडघ्याएवढं झालं. आत्यानं त्याला काठी लावली आणि कापडाच्या पट्ट्यांनी बांधलं. पट्ट्यांच्या कडासुद्धा शिवलेल्या.

वाफेफेरीत मंडळी त्याच्यासमोर उभी राहिली. मीही होते. घरी आल्यावर नेहमीसारखी मी सगळ्यांना करून दाखवायला लागले. औषधवाले काका: "तब्येत... तब्येत चांगली आहे हं." बेकरीवाल्या काकू: "मस्त फुगलंय!" आणि मास्तर...

आत्यानं टाचण्या तोंडातून काढल्या. "मास्तरांचं परत कर."

"छान. छानच आहे हो. फार छान."

"त्यांनी असंच म्हटलं? एका दमात? मध्ये न थांबता?"

मी विचार केला. कान खोटं बोलत नाहीत. "हो. भरभर."

"तो माणूस शिंकतोसुद्धा थांबून थांबून," आत्या म्हणाली. बाबा हसले. आत्यानं चप्पल घातली.

मास्तर अंगणात गुलाब छाटत होते. आत्या फाटकातूनच म्हणाली, "माझ्या वाफ्यात काय आहे?"

मास्तरांनी कात्री मिटली. उघडली. परत मिटली. "ताई... ते... तण आहे. रुळांच्या कडेनं... गाडीभर उगवतं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही पट्ट्यांच्या कडा शिवल्या होत्या हो!" मास्तर कात्रीकडे बघत म्हणाले. "कोण सांगणार?"

"म्हणजे मी उपटली ती खरी."

"ती खरी."

मला वाटलं, आता आत्या रडेल. "दुसरं पाकीट मिळेल?" एवढंच तिनं विचारलं.

"वर्षाला... एकच."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली आणि घराकडे चालायला लागली. इतकी भरभर की मला पळावं लागलं.

घरी येऊन तिनं मशीनचा खण उपसला. आत्या काही टाकत नाही. बटणं, तुटक्या चेना, आणि त्यांच्याखाली ते रिकामं पाकीट. बाबा म्हणाले, "ताई, रिकामं आहे ते."

"लोक पँटी देतात ना, खिसे झटकून देतात. तरी खिशाच्या कोपऱ्यात वाळू असतेच." तिनं टाके उसवायची सुरी घेतली आणि पाकिटाची चिकटवलेली कड शिवणीसारखी अलगद उसवली. खालच्या दुमडीत, गोंदाला चिकटून, काळपट धूळ दिसली. भिंगातून पाहिलं तर धुळीला आकार होता. बिया!

कान तुटलेल्या कपात माती भरून तिनं त्या वरच्यावर शिंपडल्या आणि कप मशीनजवळच्या खिडकीत ठेवला. गिऱ्हाइकांचे हाल सुरू झाले. "उजेड सोडून उभे राहा." "दार लावून घ्या, वारा लागतो." एका शिक्षकांची पँट तर तिनं त्यांना खिडकीपाशी उभंच राहू न देता दारातून मापली आणि दोन्ही पाय वेगवेगळ्या उंचीचे झाले. उसवून परत शिवली, पण कप हलवला नाही. वाफ्यातलं तणही तिनं उपटलं नाही. "त्यानं काय केलंय? चूक माझी."

कपातलं एक रोप तगलं. कपातून कुंडीत गेलं, पानं धरली. पण उशीर तो उशीरच. प्रदर्शनाच्या सकाळी त्याच्या टोकाला एक कळी होती. मिटलेली, आवळलेल्या मुठीसारखी.

शाळेच्या सभागृहात टेबलं लागली होती. डालियाची ताटाएवढी फुलं, माणसाच्या हातासारखी गाजरं, आणि त्यांच्यामध्ये आत्याची कुंडी. मास्तर टेबलामागून टेबल बघत आले आणि तिथे थांबले. नेहमीपेक्षाही जास्त थांबले.

"कळी... आहे."

"आहे," आत्या म्हणाली.

"फूल... नाही."

औषधवाले काका खाली वाकले. "हलकेच बोटानं उघडली तर? पाकळ्या आत तयारच असणार. कुणाला कळतंय?"

"करा करा ताई," बेकरीवाल्या काकू म्हणाल्या. "आम्ही तिकडे बघतो." आणि खरोखर सगळे छताकडे बघायला लागले. मास्तरसुद्धा!

आत्यानं कळीकडे पाहिलं. तिच्या बोटांसारखी बोटं गावात नाहीत, पाकळीला चरा न पाडता तिनं ती उघडली असती.

"उसवता मला येतं," ती म्हणाली. "पण हे उसवायचं नाही."

मग तिनं पिशवीतून बागेच्या फाटकाची आपली किल्ली काढली आणि मास्तरांच्या समोर ठेवली. मास्तर किल्लीला हात लावेनात. बेकरीवाल्या काकू पुटपुटल्या, "असला कसला नियम, दगडासारखा बसलेला!"

"नियम बरोबर आहे," आत्या म्हणाली. "मास्तर, पहिल्या सभेला नवे सभासद घेता ना?"

"घेतो."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी कळी दुकानाच्या खिडकीत फुलली. पांढरी, मधे पिवळी, अगदी साधी. आत्यानं तिच्याकडे पाहिलं, म्हणाली, "आलीस का?" आणि मशीन सुरू केलं.

हत्यारं घासायच्या दिवशी ती तेलाचा डबा घेऊन हजर. औषधवाले काका म्हणाले, "ताई, तुम्ही आता सभासद नाही."

"खुरप्याला कुठे माहीत आहे?" आत्या म्हणाली आणि घासायला बसली.

थंडी सरली. पहिल्या सभेला नव्या लोकांच्या रांगेत सगळ्यांत पुढे आत्या उभी होती. मास्तरांनी घसा साफ केला. "नवीन सभासदांना... रिकामा असलेला वाफा... देण्यात येईल. या वर्षी रिकामा... फक्त..." ते थांबले. त्यांचं ते थांबणं मला आजवर एवढं गोड कधी वाटलं नव्हतं. "फक्त... शेवटचा. जिथे नळी पोचत नाही. कोणाला हवा?"

आत्याच्या मागे उभी असलेली दोन माणसं एक पाऊल मागे सरकली.

"मला," आत्या म्हणाली.

मास्तरांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि डबा पुढे केला. आत्यानं न बघता पाकीट उचललं. अंगठ्याच्या नखानं त्याची कड चाचपली, कोपऱ्यापर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "या खेपेला विरळणीच्या आधी सगळ्यांना बोलावून आणायचं. आणि कोण काय म्हणालं ते घरी येऊन मला नीट करून दाखवायचं."

या वर्षी मी पाठ करून ठेवणार आहे. श्वासासकट.