दोन डायोड

सोल्डरिंग करताना राळेचा धूर नाकात गेला की शिरूर अनंतपाळकडचं ते तडकलेलं रान आठवतं. लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ होता आणि जमिनीत वीज सोडून पाणी शोधायचं यंत्र घेऊन आम्ही गावोगाव हिंडत होतो. वीज जमिनीत उतरायला कोरड्या मातीत ठोकलेल्या यंत्राच्या सळयांना ओल लागते, म्हणून बौद्धवस्तीतल्या एका बाईनं प्यायच्या घागरीतलं तांब्याभर पाणी आणून त्यांच्या बुडाशी ओतलं. तेवढ्यात लाइन आली, शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली, तिची गळकी वीज जमिनीतून यंत्रात घुसली आणि आतून धूर निघाला. घोळक्यातला एक जण म्हणाला, "म्हणलो व्हतो की, तिचं पाणी नगं." बाईनं मला विचारलं, "माझ्या पाण्यानं बिघडलं का ओ, साहेब?" मी नुसतं "नाही" म्हणालो आणि वायरी गुंडाळायला लागलो. असा झटका आत जाऊ नये म्हणून वायरी जोडतात तिथंच दोन डायोड लावायचे असतात. मागच्या दुरुस्तीच्या घाईत ते मीच लावले नव्हते. पंधरा दिवसांनी ते लावून परत गेलो, तर सळया ठोकायच्या जागी पाटलांच्या घरची घागर आधीच आणून ठेवलेली. ती बाई लांब बांधावर उभी होती, रिकाम्या हातानं. मी जवळ जाऊन सांगितलं, चूक माझी होती. ती म्हणाली, "हे त्या दिशी समद्यांसमोर बोलायचं व्हतं." पुढं हाताखालच्या लोकांना कितीदा बजावलं, डायोड विसरलात तर यंत्र जळतं, त्या बाईचं मात्र आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.