एकही तक्रार न आलेला संप

"लोकांचा खोळंबा नको हं." दसऱ्याची पूजा असो की संप, आमच्या ताईंचं पहिलं वाक्य हेच. बोलताना चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि मग तोच चष्मा टेबलभर शोधायच्या.

नाशकात पंचवटीच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं पोस्ट होतं. मी तिथला पोस्टमन. ताई काउंटरवर, शिवाय युनियनच्या सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मुठी आवळणारा गडी येईल. या बाई मोर्चातसुद्धा घोषणा थांबवून रिक्षावाल्याला वाट करून द्यायच्या.

आमचं पोस्ट बंद करून मोठ्या ऑफिसात मिळवणार, असं कानावर आलं तेव्हा मात्र त्या पेटल्या. "अरे, गुडघे धरून येणाऱ्या या म्हाताऱ्या पेन्शनसाठी तिकडं जातील कशा?" त्यांनीच जोर लावला आणि आठवडाभराचा संप ठरला.

मग ताई निघाल्या घरोघर. सोमवारपासून बंद आहोत, पेन्शन आधी घेऊन जा, राख्या आत्ताच टाका. जिला चालवत नव्हतं तिला रिक्षात घालून आणलं. मी वैतागलो. म्हटलं, "ताई, हा संप आहे की लग्नाचं आवतण?"

"त्या बिचाऱ्यांनी आपलं काय घोडं मारलंय?" म्हणाल्या.

संप कडक झाला. शटर खाली, आम्ही बाहेर सतरंजीवर. पण कुणी फिरकलंच नाही. फिरकणार कशाला? सगळ्यांची कामं उरकलेली होती. ताई खूश होत्या.

पुढं पोस्टाच्या मोठ्या साहेबांनी बोलणी करायला बोलावलं. मी सोबत होतो. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, आठवडाभर ऑफिस बंद होतं. एक तरी तक्रार आली का? मग लोकांना त्याची गरज आहे हे मी वर कसं सांगू?"

जिन्यात ताई मला म्हणाल्या, "मीच दाखवून दिलं रे त्यांना." मला साहेबांचा राग आला आणि ताईंचाही. माणसानं चांगलं असावं, पण इतकं? त्यानंतर सह्या झाल्या, निवेदनं झाली, धरणं झालं. काही उपयोग झाला नाही.

पोस्टाच्या शेवटच्या दिवशी कोपऱ्यावरच्या मावशी काठी टेकत आल्या आणि काउंटरसमोर उभ्या राहून ताईंवर बरसल्या. "तुझ्या संपापायी गेलं आमचं पोस्ट. तुमच्या नोकऱ्या पक्क्या, मरण आमचं." मी उठलो, तर ताईंनी हातानंच मला बसवलं. "खरंय मावशी," एवढंच म्हणाल्या. मग त्यांना धरून बाहेर नेलं आणि मोठ्या ऑफिसची खिडकी दाखवायला स्वतः रिक्षात बसल्या.

ताईंची बदली मनमाडला झाली, तिथूनच त्या रिटायर झाल्या. हल्ली फोनही उचलत नाहीत.

मावशी अजून भेटतात. भेटल्या की ताईंच्या नावानं बोटं मोडतात. परवा मात्र मला राहवलं नाही. त्यांना ओट्यावर बसवून सगळं सांगितलं: ताई घरोघर का फिरल्या, साहेब काय म्हणाले, सगळं. मावशींनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "लय सांभाळलं रे तिनं आम्हाला. पण एक दिवस उन्हात उभं केलं असतं, तर आम्हीबी भांडलो असतो की."