बॅगांपाशी कोण बसणार?

माझ्या मावशीने जग पाहिलं ते पायथ्यापासून. किल्ला असो, पिरॅमिड असो की धबधबा, बाकीची मंडळी वर जायची आणि मावशी खाली बाकावर सगळ्यांच्या बॅगा राखत बसायची. बटणांच्या दुकानात दिवसभर उभं राहून तिच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता.

दुकान एवढंसं. भिंतभर छोटे खण आणि प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा एक नमुना चिकटवलेला. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन आलं की मावशी तो उजेडात धरायची, डोळे बारीक करायची आणि शोधाशोध न करता नेमका खण ओढायची. "हा रंग आपल्याकडे नाही" हे वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. याचा तिला गर्व होता, आणि तो ती मुळीच लपवत नसे.

आमच्या गल्लीतले दुकानदार दरवर्षी एकदा शटर ओढून, घरच्यांना घेऊन, एकत्र लांबच्या सहलीला निघतात. काका, म्हणजे मावशीचे यजमान, चढण्यात सगळ्यांच्या पुढे. सांगण्यात मात्र आनंदीआनंद. ते घामाघूम होऊन खाली आले की मावशी विचारायची, "काय होतं वर?"

"मोठं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे... बरंच मोठं होतं."

हजारो वर्षांच्या पिरॅमिडबद्दल माणूस एवढंच बोलतो, याचा तिला भयंकर राग यायचा. तिच्याकडे बाकावरच्या बातम्या ढीगभर असत. कुठल्या बसचा ड्रायव्हर कोणावर रुसलाय, कुठल्या नवरा-बायकोचं कॅमेऱ्यावरून बिनसलंय. डोंगर आम्ही बघून यायचो, पण परतीच्या बसमध्ये ऐकायचो तिचंच.

गेल्या वर्षी तिने दोन्ही गुडघे बदलून घेतले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "आता मला एकदा तरी वर जायचंय." डॉक्टरांनी यंदा परवानगी दिली, पण असले चढ पुन्हा पुन्हा चढायचे नाहीत असंही बजावलं. म्हणजे ही संधी हुकली की हुकलीच.

यंदाचं ठिकाण होतं एक विझलेला ज्वालामुखी. माथ्यावरच्या खोलगट मुखात पाणी साठून तळं झालेलं. पायथ्याशी बस थांबली आणि सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. बॅगांपाशी कोण बसणार, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

"मी बसतो," काका म्हणाले.

मावशी थबकली. "तुम्ही? तुम्हाला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही."

"बसेन. तू जा. सावकाश जा."

मी तिच्या बरोबर निघालो. अर्ध्या वाटेवर तिला धाप लागली. तिने कठडा घट्ट धरला. मागून येणारे आमच्या गल्लीतले शिंपीदादा म्हणाले, "राहू द्या, इथूनही छान दिसतंय."

"इथूनही छान दिसतं, हे मी आयुष्यभर ऐकलं," मावशी म्हणाली. "मला तिथून बघायचंय."

आणि ती चढली. जपून पाय टाकत, मधेमधे "पुढे पळू नकोस" म्हणून मला दटावत चढली. माथ्यावर पोचून तिने खाली पाहिलं. तळं हिरवं होतं, पण ऊन सरकलं की निळं व्हायचं, आणि काठाशी पिवळसर झाक होती. मावशीने सवयीने डोळे बारीक केले.

"कुठल्या खणातला रंग गं हा?" मी चिडवलं.

तिने कपाळावर हात आडवा धरून पुन्हा पाहिलं.

"नाही रे आपल्याकडे," ती म्हणाली आणि मनापासून हसली. मला इतका आनंद झाला की मी उगाचच शिंपीदादांशी हात मिळवला.

खाली आलो तेव्हा काका बॅगांच्या ढिगात ताठ बसले होते.

"काय होतं वर?" त्यांनी विचारलं.

मावशीने पदराने डोळे पुसले.

"मोठं होतं," ती म्हणाली.

काकांनी समजल्यासारखी मान हलवली. एक बॅग मांडीवर घेऊन त्यांनी बाकावर तिला जागा करून दिली. "बस. तो निळ्या टोपीवाला ड्रायव्हर दिसतोय ना, त्याने मघाशी काय केलं माहितेय..."

आमच्या बसने हॉर्न दिला तरी काकांचं सांगणं संपेना, आणि मावशी एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेत होती.