उजव्या खांद्याची साक्ष

डिंगोरे फाट्यावर टेम्पोने बैलगाडा शर्यतीतल्या एका जुन्या गाडामालकाच्या मोटारसायकलला धडक दिली, ती १९९८च्या यात्रांच्या हंगामात. उजवा खांदा मोडला. हाड जुळले, पण हात छातीच्या वर जाईना. त्यांनी भरपाईचा दावा लावला.

मी वार्ताहर. आमची गाठ जुन्नरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात पडायची. ते डाव्या हाताने चहा पीत, अनोळखी गिऱ्हाइकालाही एक्स-रे उजेडात धरून दाखवत आणि प्रत्येक वाक्यानंतर मला म्हणत, "घ्या लिहून, भाऊ." दुखण्याबद्दल मात्र कधी बोलत नसत. शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, गाडा सुटेपर्यंत बैल धरून ठेवण्यात त्यांचे नाव होते.

साक्षीआधी त्यांच्या वकिलाने बजावले, "हात उचलत नाही, बैल धरता येत नाहीत, एवढंच सांगा." ते खरेही होते. पण कोर्टात मागच्या बाकावर बोरी बुद्रुकचा गाडामालक बसला होता. शर्यतीत दोघांचे जुने वैर.

विमा कंपनीच्या वकिलाने विचारले, "आता बैल धरता येतात का?"

त्यांनी बाकाकडे पाहिले. "येतात की! लई झ्याक. घ्या लिहून, साहेब."

टायपिस्टने ते टाइप केले.

बाहेर बोरीचा गाडामालक म्हणाला, "राव, तुमचा हात गेलाय, हे सांगायलाच मी आलो व्हतो."

"मग आधी बोलायचं नाय का?"

दवाखान्याचा खर्च मंजूर झाला. कायमच्या अपंगत्वाची भरपाई नामंजूर झाली. पुढच्या यात्रेत त्यांचे बैल बोरीच्या गाडामालकाने धरले.