खांब आमच्या शेतात

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मला सरकार सापडलं होतं. सापडलं ते रेडिओत. भाकऱ्या थापता थापता ऐकलं, की गरीब घरांना वीजबिलात सूट मिळणार, थकलेल्या बिलावरचा दंड माफ होणार आणि पुढचं बिलही हलकं होणार. रेडिओवरच्या बाईच्या आवाजात इतकी माया होती, की मला वाटलं ती आमच्याच घराकडे बघून बोलते आहे. मी तव्यावरची भाकरी करपवली आणि नवऱ्याला म्हणाले, "आपलं काम झालं."

आज ती पस्तिशीची बाई मला वाटेत भेटली, तर मी तिला थांबवून विचारीन, "काय गो, झालं काय तुझं काम?" तेव्हा असं विचारणारं कोणी नव्हतं. मी सातवी पास. वाडीतल्या बायकांना त्यांची पत्रं वाचून दाखवायचे, म्हणून डोक्यात जरा हवा होती. सरकार मला माहेरच्या माणसासारखं वाटायचं. त्याच्या कानावर गेलं नाही म्हणून ते आलं नाही, कानावर घातलं की धावत येईल, अशी माझी समजूत.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एसटीच्या रस्त्यापासून चांगली चढण चढून. घरात नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. थोरले दीर आणि जाऊ मुंबईला, ते गणपतीत आणि शिमग्यात यायचे. सासरे वारून काही वर्षं झाली होती. वाडीत वीज आणली ती त्यांनी. खांब कोणाच्या शेतात रोवायचा यावरून वाडी अडून बसली होती, तेव्हा त्यांनी आपल्या भाताच्या खाचरात जागा दिली. वाडीतलं पहिलं बटण दाबायचा मान त्यांना मिळाला. मीटर त्यांच्या नावावर, बिल त्यांच्या नावाने. ते गेल्यावरही बिल त्यांनाच यायचं आणि आत्या ते वाचून घ्यायच्या. आकडा नव्हे, नाव. मी सासऱ्यांचं नाव घेत नसे, म्हणून ते काम नवऱ्याचं. तो पूर्ण नाव वाचायचा, आत्या मान हलवायच्या, मग बिल पत्र्याच्या डब्यात जायचं.

मोतीबिंदूमुळे आत्यांना माणसं धड ओळखू येत नव्हती, पण बल्ब लागलेला कळायचा. दिवेलागणीला त्या भिंत चाचपत जायच्या, स्वतः बटण दाबायच्या आणि उजेडाला हात जोडायच्या. "आला गो," म्हणायच्या. आला तो उजेड की सासरे, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आदल्या पावसाळ्यात मीटरच्या पेटीत पाणी शिरलं आणि आतली चकती फिरायची थांबली. मग ऑफिस अंदाजाने बिल पाठवू लागलं. अंदाज असा, की आमच्या दोन बल्बांच्या घरात कोणी पिठाची गिरणी लावली आहे. आम्ही ते भरणार कुठून? पत्र्याचा डबा भरत गेला. वायरमन एकदा दारात येऊन सांगून गेला, "आता तोडायची वेळ येईल बरं." त्यात तो रेडिओ.

मी भावाच्या लग्नातली जरीची साडी नेसले आणि निघाले. गरीब म्हणून मदत मागायला जरीची साडी. वाटेत कोणी हसलं नाही, ही त्यांची भलाई. पोलादपूरच्या ऑफिसात म्हणाले, महाडला जा. महाडला खिडकीपाशी उभी राहिले, तर साहेबांनी वर न बघता विचारलं, "ग्राहकाचं नाव?"

सासऱ्यांचं नाव मी तोंडाने कसं घेऊ?

"बाई, नाव सांगा."

मी बिल पुढे सरकवलं आणि नावावर बोट ठेवलं. मागची बाई खुदकन हसली.

"हे कोण तुमचे?"

"सासरे."

"त्यांना घेऊन या. सही त्यांची लागते."

"ते वारले."

साहेबांनी आता वर बघितलं. वाईट माणूस नव्हता. "मग वारलेल्या माणसाला सूट कशी देऊ? आधी मीटर तुमच्या मिस्टरांच्या नावावर करून घ्या. भावाची संमती आणा, आईंचा अंगठा आणा. गणपती झाले की मुदत संपते, त्याच्या आत या."

"पण रेडिओवर तर म्हणाले..."

"खरंच म्हणाले. योजना तुमच्यासाठीच आहे. फक्त मीटर तुमचा नाही."

"मग बिल कसं आमचं?"

"बिल घराला येतं, बाई. सूट माणसाला मिळते."

मला हे फार अवघड वाटलं नाही. एक भाऊ आणि एक आई, दोघंही घरचीच. महाडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत मी गणपतीत काय बोलायचं ते घोकून ठेवलं. शाळेतून शाईचा पॅडसुद्धा उसना आणला. मोठी कारभारीण झाले होते.

गणपतीत थोरले दीर आले, जाऊ आली. मी मोदकांत खोबरं सढळ हाताने घातलं आणि जेवणं झाल्यावर विषय काढला. दीर सुपारी कातरत राहिले. जाऊ म्हणाली, "आज मीटर, उद्या घरपट्टी, परवा घर. बरं चाललंय तुमचं."

"अक्का, घरात दोन बल्ब हायत. एक तुम्ही घेऊन जा," मी म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मोदक मी त्याच्या डोक्यावर फोडला होता. दीर हसले नाहीत. म्हणाले, "आये हयात हाय. आये अंगठा देल तर मी लगेच सही करतो. आयेच्या आधी मी कोन?" आणि पानाचा विडा तोंडात घालून त्यांनी तो प्रश्न कायमचा बंद केला. मला वाटलं, जिंकले. आत्यांचं सगळं मीच तर करत होते. त्या मला नाही म्हणतील कशाला?

दुपारी त्या पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. मी पॅड घेऊन शेजारी बसले.

"आत्या, मीटरवर आता यांचं नाव घालायचंय."

"मंग त्यांचं?"

"त्यांचं काढायचं. ते गेले, असं हापिसात दाखवायचं, मंग सूट मिळते."

आत्यांनी पाय आखडून घेतले. "गेले ते सगळ्या वाडीनं बघितलं. आता हापिसाला कशापायी दाखवू?"

"नायतर लाईट तोडतील."

"तोडतील कशी? खांब आमच्या शेतात हाय."

मी समजावलं, की खांब शेतात असला तरी तार त्यांची आहे. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "घरात त्यांचं काय ऱ्हायलंय गो? धोतर हुतं, त्याचं तू पोतेरं केलंस. छत्री हुती, ती थोरला घेऊन गेला. त्या कागदावर तेवढं नाव हाय. तेबी पूस."

धोतराचं मी खरंच पोतेरं केलं होतं. चांगलं मऊ सुती धोतर, फेकायचं कशाला, असा माझा शहाणपणा. शाईचा पॅड मी पदराखाली घेतला. त्यानंतर दोन-तीनदा विषय काढला, प्रत्येक वेळी त्या कूस बदलून झोपल्या. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा. तो म्हणाला, "तू नि तुझा रेडिओ."

मी पुन्हा महाडला गेले, या वेळी साध्या साडीत. साहेबांनी ओळखलं. मी विचारलं, नाव तसंच ठेवून काही करता येणार नाही का? त्यांनी जरा विचार केला, खरंच केला. म्हणाले, "नाव ठेवलं तर ते जिवंत धरावे लागतील. जिवंत धरले, तर ते इथे आले पाहिजेत." मग चहावाल्याला त्यांनी माझ्यासाठीही कप ठेवायला सांगितला. तो चहा पिऊन मी घरी आले. सरकारकडून आम्हाला मिळालेली मदत तेवढीच.

भात पिवळं पडायला लागलं, तेव्हा वायरमन शिडी घेऊन आला. खालच्याच गावचा, मला काकी म्हणायचा. "काकी, वरनं ऑर्डर हाय. माझ्या हातात काय नाय."

"माज्या तरी कुठं हाय," मी म्हणाले.

खाचरात अजून चिखल होता. शिडी खांबाला टेकवली तरी खालून सरकायला लागली. तो वर, हातात पकड, आणि शिडी डुलतेय. कोणी तरी धरायला हवी होती. नवरा त्या दिवशी मुद्दाम बाजाराला गेलेला. मग मी चिखलात उतरले, साडी खोचली आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभी राहिले. तुम्ही हसा, मलाही हसू येतं. आमच्याच शेतात, आमच्याच खांबाला, आमचीच लाईट तोडणाऱ्याची शिडी धरून मी उभी, आणि वर तोंड करून त्याला म्हणतेय, "जपून रे."

पडवीतून आत्यांनी हाक दिली, "कोन आलाय गो?"

"लाईटवाला."

"बघ, धाडला का नाय सरकारनं मानूस," आत्या म्हणाल्या. "च्या दे त्याला."

मी चहा दिला. त्याने उभ्या उभ्या पिऊन टाकला.

संध्याकाळी आत्या भिंत चाचपत बटणापाशी गेल्या. दाबलं. थोडा वेळ वर तोंड करून थांबल्या. मी चूल फुंकत होते.

"लाईट गेली काय गो?"

"व्हय आत्या."

"सगळ्या वाडीची?"

दारातून पलीकडच्या घरांचे बल्ब मला दिसत होते. "व्हय," मी म्हणाले, "सगळ्यांची."

तेवढ्यात शेजारच्या घरात टीव्हीवर गाणं लागलं. आत्यांचे कान शाबूत होते. त्यांनी मान तिकडे वळवली. मी घाईने म्हणाले, "बॅटरीवर लावलाय त्यांनी."

"व्हय काय," आत्या म्हणाल्या. मी रॉकेलची चिमणी पेटवून त्यांच्याजवळ ठेवली, तशी त्यांनी ती हाताने जरा लांब सारली. मी बटण वर करायला उठले, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे खाली. आली की कळंल."

मी ते बटण तसंच ठेवलं.