सावलीमास्तरची घरगाडी

"गाडी इथून हलणार नाही."

"अहो, वर बघा तरी जरा! नुसत्या फांद्याच फांद्या. डिशला आकाश कुठंय?"

"आकाश सगळीकडेच असतं."

"असतं. पण तुम्ही त्याच्या आणि आपल्या मधे झाड आणून ठेवता."

"मी? झाड मी आणलं? झाड आधीपासून उभं आहे बाई, मी फक्त गाडी आणली."

"तेच म्हणतेय मी! झाडाखाली आणलीत."

"मग काय उन्हात लावू? तू आत दारं-खिडक्या लावून बसणार, वर पंखाही बंद करणार. मागच्या महिन्यात चक्कर कुणाला आली होती? मला?"

"मला चक्कर आली तर पाणी पिऊन उठेन मी. आज माझे पेशंट उठून गेले, तर परत बसणार नाहीत."

मामाने काचेतून वर फांद्यांकडे पाहिलं.

मी मागच्या पलंगाच्या कडेवर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. गाडी नुकतीच थांबली होती, त्यामुळे ओट्यावरच्या हुकांना अडकवलेले कप अजून एकमेकांवर आपटत होते. मामा स्टिअरिंगवर, मामी त्याच्या पाठीमागे कमरेवर हात ठेवून उभी. दोघांचंही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

माझा मामा जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवत होता. डेपोत त्याला सगळे 'सावलीमास्तर' म्हणायचे. कारण बस कुठेही थांबू दे, चहाच्या टपरीसमोर, पंक्चरच्या दुकानापाशी, नाहीतर बंद पडली म्हणून भर रस्त्यात, मामा तिला सावलीतच उभी करणार. तेही आत्ताच्या सावलीत नव्हे. माणसं चहा पिऊन परत येईपर्यंत ऊन कुठे सरकेल याचा अंदाज घेऊन तो बस लावायचा. सुरुवातीला प्रवासी कुरकुरायचे, "अहो ड्रायव्हर, इथे उन्हात का लावता?" आणि परत येऊन बसले की सीट गार. मग कुणीतरी खिडकीतून डोकं काढून हसायचं. मामाला तेवढं हसू पुरायचं.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं घर केलं. दुमडता पलंग, इवलंसं सिंक, रबर लावून बंद करायची कपाटं, आणि जेवायला, लिहायला, भाजी चिरायला मिळून एकच टेबल. जन्मभर रस्त्यावर काढूनही मामाने रस्ता असा बघितलाच नव्हता. जायचं, वळायचं, यायचं. आता त्याला न वळता जायचं होतं.

"मी येते," मामी म्हणाली होती, "पण माझे पेशंटही बरोबर येणार."

मामी वाचा-उपचार करते. आजारपणात ज्यांची वाचा जाते, त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते. पूर्वी तिच्या दवाखान्यात यायला माणसांचा अर्धा दिवस मोडायचा. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला दोन गाड्या बदलून आणायचं, तेही फक्त 'आ' आणि 'ऊ' म्हणायला. मग मामीने पडद्यावरून शिकवायला सुरुवात केली. आणि घराला चाकं लागली तेव्हा छपरावर डिश आली. डिश म्हणायचं, पण दिसायला चहाच्या मोठ्या ट्रेसारखी, सपाट आणि पांढरी. ती थेट उपग्रहांशी बोलते. जवळपास टॉवर नसला तरी तिचं अडत नाही. डोक्यावर मोकळं आकाश असलं की माळावर, धरणाकाठी, कुठेही इंटरनेट. फक्त मधे फांदी नको. उपग्रह सतत पुढे सरकत असतात. एखादा फांदीआड गेला की बोलणं तुटतं, आणि मग पुन्हा जुळतं.

जन्मभर जो माणूस फांदी शोधत आला, त्याच्या डोक्यावर अशी वस्तू आणून बसवली, तर आणखी काय होणार?

तरीही या डिशचं मामाला फार कौतुक. सकाळी दात घासत तो तिच्याकडे मान वर करून विचारतो, "काय गं, जागी आहेस ना?" कुठल्याशा गावातली म्हातारी पहिल्यांदा "पाणी" म्हणाली, तेव्हा मामाने खाली उतरून, गाडीला शिडी लावून छपरावर हलकेच थाप मारली होती, बस नीट पोचली की बॉनेटवर मारायचा तशी.

पण गेल्या आठवड्यात गोंधळ झाला होता, आणि तो फक्त याच घरात होऊ शकला असता.

मामीची एक रीत आहे. पेशंटचा शब्द ती कधीच पुरा करून देत नाही. माणूस अडखळला की घरचे लगेच मदतीला धावतात, "पाणी? पाणी हवंय?" मामी ते करत नाही. ती थांबते. चेहऱ्यावर थोडं हसू, नजर समोरच्याच्या ओठांवर, पापणीसुद्धा हलवायची नाही. मी रंगमंचावर बऱ्याच नटांना थांबताना पाहिलंय, पण मामीसारखं थांबणं कुणाला जमत नाही. तिच्या त्या थांबण्यात माणसाला बोलायला जागा मिळते. घरातही तसंच. मामा म्हणतो, "अगं ते... ते हे कुठंय?" आणि मामी थांबते. शेवटी मामाच वैतागून "पक्कड! पक्कड म्हणतोय मी!" असं ओरडतो.

तर गेल्या आठवड्यात मामीच्या पडद्यासमोर होते घोषणाकाका. पूर्वी बसस्थानकावर घोषणा करायचे, म्हणून आमच्यात हेच नाव. मामाने त्यांना जवळून कधी पाहिलंच नव्हतं, पण वर्षानुवर्षं रोज सकाळी मामाची बस सुटायची ती त्यांच्या आवाजावर. "तो बोलला की रस्ता मोकळा झाल्यासारखा वाटायचा," मामा सांगतो. त्यांचा आवाज गेल्याचं कळलं, तेव्हा मामानेच काकूंना शोधून काढून मामीचा नंबर दिला होता.

कित्येक महिने काका गप्प होते. त्या दिवशी पहिल्यांदा ओठ जुळायला लागले. "च..." मामी थांबली. काका झगडत होते. आणि नेमकं तेव्हाच मामाच्या लाडक्या झाडाची फांदी आड आली. चित्र गोठलं. इकडे मामीला वाटलं काका प्रयत्न करताहेत, स्तब्ध आहेत. तिकडे काकांना वाटलं मामी नेहमीसारखी थांबली आहे. गोठलेली मामी आणि थांबलेली मामी यांत फरक तो काय! दोघंही एकमेकांच्या चित्राची वाट बघत बसले. त्या वेळात काका घाम गाळून, खुर्चीचा हात आवळून, "चहा" म्हणाले. पुरा शब्द. आणि मामी नुसती हसत बघत राहिली. ना शाबासकी, ना काही.

लाइन जुळली तेव्हा पडद्यावर फक्त रिकामी खुर्ची होती. मग काकूंचा निरोप आला, "ते म्हणाले हो, म्हणाले! पण आता बसायला तयार नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत."

आठवडाभर काकूंनी मनधरणी केली. आज शेवटचं बसतो, असं काकांनी मान हलवून कबूल केलं होतं.

म्हणून आज फांदी नको होती.

मामाने गाडी चालू केली आणि तळ्याकाठच्या उघड्या मैदानात नेऊन लावली. वाहत्या वाऱ्याची, पण रणरणत्या उन्हाची जागा. इंजिन बंद केलं, चावी काढली, आणि स्टिअरिंगवर थोपटून म्हणाला, "घे. तुझं आकाश."

"माझं नाही, त्यांचं," मामी म्हणाली, आणि खिडक्या लावायला लागली. मामा खाली उतरला.

पंखा बंद, खिडक्या बंद, कारण माइकमध्ये जराही घरघर गेली तर पेशंटला अक्षर कळत नाही. मी टेबलाखाली पाय मुडपून बसले, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. काही वेळातच पत्र्याचं छप्पर तापून गाडीची भट्टी झाली. मामीच्या कानामागून घाम ओघळत होता, पण चेहरा शांत.

पडदा उजळला. काकू दिसल्या, काठी दिसली, मग काका. त्यांनी मामीकडे पाहिलंच नाही.

"नमस्कार काका. आलात, बरं वाटलं."

काका टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"मागच्या वेळी तुमचा शब्द माझ्यापर्यंत पोचला नाही. चूक आमच्या लाइनची. तुम्ही म्हणालात, काकूंनी ऐकलं. मला ऐकायचाय."

काकांनी काठीची मूठ चाचपली.

"अहो, बघा तरी त्यांच्याकडे," काकू कुजबुजल्या.

काकांनी नजर वर केली. मामी थांबली. तसंच, हसू आणि नजर. काका तिच्याकडे संशयाने बघत होते, ही आहे की गेली? त्यांचा हात पडद्याकडे सरकायला लागला. पडदा मिटायलाच.

आणि तो हात मधेच थांबला.

काकांची नजर मामीवरून तिच्या मागच्या खिडकीवर गेली होती. मी टेबलाखालून मान वाकडी करून पाहिलं, आणि हसू दाबायला मांडीवरच्या उशीत तोंड खुपसलं. खिडकीच्या काचेत फक्त दोन पाय होते. शिडीवर चढलेले, पोटऱ्या ताणलेल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर. एका पायात चप्पल. दुसरा मोकळा. मोकळ्या पायाचा अंगठा शिडीच्या पायरीला घट्ट धरून चाचपडत होता. मधेच वरून पाण्याची एक धार काचेवरून ओघळली, आणि पाय नाचल्यासारखे हलले.

मामीला यातलं काही दिसत नव्हतं. ती थांबलेलीच.

काका मात्र पुढे वाकले. चित्र हलत होतं. म्हणजे समोरची बाई गोठलेली नव्हती. थांबलेलीच होती. त्यांच्यासाठी.

त्यांचे ओठ एकमेकांवर दाबले गेले. सुटले. पुन्हा दाबले गेले.

"प..."

मामी थांबली. 'च' ऐवजी 'प' कुठून आला, हे तिला कळत नव्हतं. पण तिने भुवईसुद्धा हलवली नाही.

"पा... पाय!"

"हो!" मामी म्हणाली. "पाय! ऐकलं मी काका, स्वच्छ ऐकलं!" आणि मग तिने विचारलं, "कुठंयत पाय?"

काकांनी बरा हात उचलून तिच्या मागे बोट दाखवलं. मामी वळली. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या मामीला पेशंटसमोर तोंडावर हात ठेवून खळखळून हसताना पाहिलं. काकू हसल्या. काका तर असे हसले की खुर्ची हलायला लागली, आणि त्या हसण्यातच, जणू सहज, दुसरा शब्द सुटला, "चप्... पल."

"एकच आहे," मामी डोळे पुसत म्हणाली.

काकांनी मान हलवली. एकच आहे.

त्यानंतर दोघांनी मिळून बराच वेळ काम केलं. शेवटी काकूंनी हात जोडले. "त्या शिडीवाल्यांना आमचा नमस्कार सांगा हो. फार उपकार झाले."

मी बाहेर धावले. मामा अजून शिडीवरच. पलंगावरच्या दोन चादरी ओल्या करून त्याने छपरावर टाकल्या होत्या, आत जरा गार राहावं म्हणून. पण तळ्यावरचा वारा त्या उडवून डिशवर टाकायला बघत होता, त्यामुळे तो दोन्ही टोकं हातात धरून तसाच उभा राहिला होता, सगळा वेळ. मान, कपाळ, हात, सगळं लालबुंद.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. उतर आता."

तो उतरला. पायरीवर टेकला. मामीने आतून पाण्याचा ग्लास आणला आणि स्वतःच्या पदराने त्याचं कपाळ पुसलं. जन्मभर लोकांना सावलीत बसवणारा माझा मामा उन्हात भाजून निघाला होता.

"बोलला का तो?"

"बोलले."

"काय बोलला?"

"पाय."

"कुणाचे?"

"तुमचे!"

मामाने आधी मामीकडे, मग माझ्याकडे, मग आपल्या पायांकडे पाहिलं. आम्ही दोघी पुन्हा हसायला लागलो, आणि जे घडलं ते सांगताना एकमेकींची वाक्यं पळवायला लागलो. मामा हसला नाही. ग्लासातलं पाणी हलवत राहिला.

"आवाज... तसाच आहे?"

मामीने जरा विचार केला. "तसा नाही अजून. पण पहिलं अक्षर ठासून येतं त्यांचं. तुम्ही सांगायचात ना, तसंच."

मामाने ग्लास रिकामा केला. उठून आत गेला आणि तो सिंकमध्ये ठेवला. मामी त्याच्या मागोमाग आत गेली. मी दारातच.

"अहो."

"काय."

"तुम्ही नसतात तर आज पडदा मिटला असता." मामी हळू आवाजात म्हणाली. "बरं झालं तुम्ही माझं ऐकलंत, आणि त्याहून बरं झालं की पुरतं ऐकलं नाहीत."

मामा कपाटाचं रबर ओढून बघत राहिला, लागलं आहे की नाही ते.

"काका पुढच्या आठवड्यात बसणार आहेत. ते पाय कुणाचे, हे त्यांना माहीत नाही अजून. तुम्हीच सांगा ना. माझ्या शेजारी बसा थोडा वेळ. तुमची बस रोज सकाळी ते सोडायचे, हे त्यांना कळू दे. बसाल?"

मामाने तोंड उघडलं. मिटलं. खिडकीकडे पाहिलं, जिथे काचेवर अजून पाण्याचे ओघळ होते.

मामी थांबली. थोडं हसू, नजर त्याच्या ओठांवर, पापणीही न हलवता.

मामाने एका पायात चप्पल सरकवली, माझ्या बाजूने वाट काढली, आणि उत्तर तसंच ठेवून, दुसरी चप्पल शोधायला खाली उतरून, उन्हात, शिडीच्या दिशेने निघून गेला.