गुळव्याची काहील

दस्तगीरचाचा बोलण्याआधी समोरच्याचे तळहात बघायचे. शिक्षिका म्हणून कृष्णाकाठच्या त्या गावात मी हजर झाले, तेव्हा माझेही बघितले. "खडूचं हात हायती. चालतंय, वल्हं धरता यील," म्हणाले. मला काहीच कळेना.

चाचा गुऱ्हाळावरचे गुळव्या. उसाचा रस आटवायची त्यांची लोखंडी काहील चार-पाच माणसं सहज बसतील एवढी. आदल्या पुरात गाव दोन दिवस छपरांवर बसून बोटीची वाट बघत होतं. पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीवर थांबतं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा नडला होता. आता आठवड्याचा पाऊस एका दिवसात कोसळतो, त्याला पायरी कुठली ठाऊक असणार!

म्हणून गुऱ्हाळ बंद झालं की उन्हाळ्यात चाचा काहील डोहात सोडायचे आणि एकेकाला वल्हवायला बसवायचे. गाव खो खो हसलं. सरपंच म्हणाले, "आवं चाचा, गुळाचं बघा की! ह्यो नावाड्याचा धंदा कवापास्नं?"

"बोट यील तवा यील. आपुन हाय का न्हाई?"

काहील गोल. एकानंच वल्हं मारलं की जागच्या जागी गरगरते. मी आणि शेजारची कमल पहिल्या दिवशी नुसत्या फिरत राहिलो. काठावरून चाचा ओरडत होते, "येकटी नगं मारू गं! दोगी मिळून!" पैलतीर गाठला तरी शाबासकी नाहीच. लगेच पुढच्या जोडीला हाक.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी चढलं, तेव्हा चाचा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. "आदी बाकीची न्या, माझं मागनं बगू," म्हणाले. कुणी ऐकलं नाही. त्यांना काहिलीत निजवून मी आणि कमल निघालो. गल्लीच्या तोंडाशी ओढ जबरदस्त, काहील गरगरायला लागली.

"चाचा, सांगा की! कुठल्या अंगानं काढू?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. "मला कशाला इचारतीस? तुमाला येतंय."

असा राग आला मला! पण त्या रागातच वल्ही एका ठेक्यात पडायला लागली आणि आम्ही शाळेच्या माळाला लागलो. संध्याकाळपर्यंत जोड्या बदलत राहिल्या, सगळं गाव बाहेर पडलं. बोटीचं नाव कुणी काढलं नाही.

थंडीत मिरजेच्या दवाखान्यात चाचा वारले. मी लेकीसारखी रडले.

यंदा आभाळ भरून आलं तसे सरपंच गुऱ्हाळाशी आले. "चाचा न्हाईत. आता कसं करायचं गं?"

कमल काहिलीला दोर बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "वल्हं घिऊन म्होरल्या बाजूला तुमी बसा."